आई गेल्यापासून बाबा खुर्चीतून उठत नाहीत, वय ७६, काय करावं?

पाऊसवेडी (फेब्रुवारी, सोमवार रात्री)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसतीच वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय तेव्हा सांभाळून घ्या.

आमचे बाबा ७६ चे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, ३४ वर्षं नोकरी, हात सतत ग्रीसमध्ये, घरी आले तरी कुणाचा मिक्सर उघड कुणाची इस्त्री उघड चालूच. मागच्या श्रावणात आई गेली. आता सहा महिने झाले. बाबा चिंचवडला भाऊ-वहिनीकडे आहेत, मी ठाण्याला, एक शनिवार सोडून एक शनिवार जाते. दर वेळी गेले की ते बाल्कनीतल्या त्याच प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेले असतात, आत टीव्ही चालू पण आवाज बंद. रडत नाहीत, आईचा विषयही काढत नाहीत, नुसतं म्हणतात अंगात त्राणच नाही, पाय भरून येतात. जेवण निम्म्यावर आलंय. पहाटे तीनला जाग येते ती येतेच.

डॉक्टरांना दाखवलं, शुगर नाही, बीपीची एक गोळी आहे ती जुनीच, ईसीजी नॉर्मल. म्हणाले वयोमानाने होतं, रोज चालायला पाठवा. मग आम्ही भावाबहिणींनी मिळून चांगले स्पोर्ट्स शूज आणले, पावलं मोजणारं घड्याळ आणलं, रोज १०,००० पावलं असं ठरवून दिलं. दोन दिवस गेले. दुसऱ्या दिवशी २,१०० झाली होती, घड्याळ काढून ठेवलं ते आजतागायत कपाटात. बूट खोक्यात. काही बोललं की "जाईन गं उद्या", आणि जास्त बोललं तर उठून आतल्या खोलीत.

माणूस माझ्या डोळ्यांसमोर विझत चाललाय असं वाटतं हो. कुणाच्या घरी असं झालंय का, आणि त्यातून बाहेर कसे आले?

सातारी_कंदी

आमच्या मामांचं अगदी असंच झालेलं. एक सांगतो, आधी बी१२, व्हिटॅमिन डी, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि सोडियम हे सगळं करून घ्या. ईसीजी आणि शुगर म्हणजे सगळं नव्हे. मामा जवळजवळ वर्षभर "उदास" होते, शेवटी सोडियम कमी निघालं, बीपीच्या एका प्रकारच्या गोळीने (लघवी जास्त होते ती) म्हाताऱ्या माणसांचं होतं तसं. गोळी बदलल्यावर पंधरा दिवसांत माणूस परत गप्पा मारायला लागला. गोळी मनाने बंद करू नका मात्र, डॉक्टरांना विचारूनच.

फिजिओताई

पाऊसवेडी, मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे, १८ वर्षं झाली, त्यातली निम्मी तरी घरोघरी जाऊन आजी-आजोबांना व्यायाम शिकवण्यात गेली. तुमची पोस्ट वाचून मला तो "विझत चाललाय" शब्द टोचला कारण मी तो फार वेळा ऐकलाय.

पहिलं म्हणजे सातारी म्हणतात त्या टेस्ट करा. दुसरं, त्राण नाही, पाय भरून येतात, पहाटे तीनला जाग, जेवण निम्मं, हे "वयोमान" नाही. आपल्याकडची मागची पिढी मन उदास आहे असं म्हणत नाही, ते अंग दुखतंय म्हणतात, पोटात गोळा येतो म्हणतात, गोड लागत नाही म्हणतात. डिप्रेशन शरीरातून बोलतं. केंद्र सरकारचा एक मोठा सर्व्हे आहे, लासी म्हणतात, २०१७-१८ मध्ये देशभरात ४५ वर्षांवरच्या ७२,००० लोकांना घरी जाऊन भेटून केलेला. त्यात साठीपुढच्या लोकांमध्ये ज्यांची लक्षणं मोठ्या डिप्रेशनची वाटत होती असे ८.३ टक्के निघाले, आणि ज्यांना कुणी डॉक्टरने तसं निदान करून सांगितलं होतं ते १ टक्कासुद्धा नाहीत. म्हणजे दहातले नऊ असेच कुठल्यातरी बाल्कनीत बसलेत आणि घरचे म्हणतायत वय झालं. तेव्हा एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवाच. १५ हो-नाही प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली असते वृद्धांसाठी, दहा मिनिटांत होते, त्यात झोप-भूक-अंगदुखी मुद्दाम विचारत नाहीत कारण ते वयाने पण होतं, "आयुष्य रिकामं वाटतं का", "घराबाहेर पडण्यापेक्षा घरीच बसावंसं वाटतं का" असले प्रश्न असतात.

आता त्या १०,००० बद्दल. हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं त्याचं नावच "दहा हजार पावलं मोजणारं" होतं, तिथून तो जगभर पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सोळा-सतरा हजार बायकांवरचा अभ्यास आला त्यात दिवसाला ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येसुद्धा २,७०० वाल्यांपेक्षा मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे फायदा वाढायचा थांबला. सहा महिने खुर्चीत बसलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी २,१०० पावलं टाकली याबद्दल खरं तर तुम्ही त्यांचं कौतुक करायला हवं होतं, आणि घड्याळाने त्यांना काय दाखवलं, तर नापास. राग मानू नका, तुम्ही प्रेमानेच केलंत, पण आता ते घड्याळ कपाटातच राहू दे.

मी सुरुवात चालण्यापासून करत नाही, खुर्चीपासून करते. जेवणाच्या टेबलाची हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची (सरकायला नको), हात छातीवर घडी, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. ७५ ते ७९ वयाच्या पुरुषाला ११ च्या खाली आलं तर पाय कमजोर आहेत आणि पडायचा धोका आहे असं धरतात. त्यांना टेस्ट आहे म्हणून सांगू नका, तुम्हीही त्यांच्यासोबत करा. किती येतात ते इथे लिहा.

जुना_टेकडीकर

मी ६९, गेली २२ वर्षं रोज पहाटे हनुमान टेकडी. निवृत्तीनंतर मीही खचलो होतो, टेकडीनेच मला उभं केलं. माझं स्पष्ट मत आहे की मानसोपचार वगैरेच्या गोळ्यांच्या नादी लागू नये, एकदा सुरू झाल्या की सुटत नाहीत. पहाटे साडेपाचला उठवा, अर्धा तास प्राणायाम, एक तास चाल, महिन्यात फरक. फौजा सिंगांचं उदाहरण द्या त्यांना. बायको गेली, तरुण मुलगा अपघातात गेला, आणि त्या दुःखातून लंडनमध्ये धावायला लागले, २००० साली ८९ व्या वर्षी लंडन मॅरेथॉन पूर्ण केली. पुढे शंभरी ओलांडेपर्यंत धावत होते. इच्छाशक्ती हवी.

मुक्काम_वर्धा

टेकडीकर काका, तुमच्याबद्दल आदर आहे पण एक बोलू का. डिप्रेशनमध्ये नेमकी इच्छाच मरते. माझ्या आईला दोन वर्षांपूर्वी हेच झालं आणि आम्ही तिला सहा महिने इच्छाशक्तीवर लेक्चर दिली, ती रोज थोडी जास्त अपराधी वाटून घ्यायची, म्हणायची मीच कमी पडतेय. गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिला अंघोळ करून अंगणात यावंसं वाटलं, आणि तिथून पुढे मग हालचाल आली.

फिजिओताई

वर्ध्याशी १०० टक्के सहमत. टेकडीकर काका, तुम्ही म्हणता त्यातला अर्धा भाग शास्त्राने पण मान्य केलाय म्हणून नीट सांगते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात १९९९ मध्ये एक प्रसिद्ध अभ्यास झाला, पन्नाशीपुढचे १५६ लोक, सगळ्यांना खरंखुरं मोठं डिप्रेशन. तीन गट केले, एकाला आठवड्यात तीनदा व्यायाम, एकाला सरट्रालिन ही डिप्रेशनची गोळी, एकाला दोन्ही. १६ आठवड्यांनी तिन्ही गट साधारण सारखेच सुधारले. म्हणजे व्यायाम हे टाइमपास नाही, खरंच औषधासारखं काम करतं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या, गोळीवाल्यांना सुरुवातीला लवकर आराम पडला, आणि व्यायामवाले घरी एकटे व्यायाम करत नव्हते, ते ठरलेल्या वेळी एकत्र जमायचे, समोर शिकवणारा असायचा. ती सोबत किती कामाची होती हे वेगळं काढता येत नाही. शिवाय जे मुळात यायला तयार झाले तेच त्या अभ्यासात होते, बाल्कनीतून न उठणारे नव्हते.

वृद्धांना देतात त्या डिप्रेशनच्या नेहमीच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही, डॉक्टर हळूहळू डोस कमी करून थांबवतात. अचानक सोडल्या तर त्रास होतो एवढंच.

आणि एक गोष्ट सगळ्यांसाठीच लिहून ठेवते. आई-वडील "आता बोलावणं आलं तर बरं", "तुमच्यावर ओझं झालोय" असं वारंवार म्हणायला लागले, किंवा सोनं-नाणं वाटून टाकायला लागले, तर म्हातारपणी बोलतातच असं म्हणून सोडू नका. जवळ बसून सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. आणि असं काही दिसलं तर त्यांना एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलता येतं.

वारीची_वाट

मी ७१ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. नातवाने टाइप करायला शिकवलंय, हळूहळू लिहिते. इथे सगळी मुलं बोलतायत, ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यांच्यातलं कुणी नाही म्हणून लिहायला बसले.

हे जाऊन पाच वर्षं झाली. पहिलं वर्ष मी पलंगावर काढलं म्हटलं तरी चालेल. मुलगा रोज ऑफिसला जाताना दारातून म्हणायचा, आई आज चालून ये हं. संध्याकाळी आल्यावर पहिला प्रश्न, गेली होतीस का. मी खोटं सांगायला लागले, हो जाऊन आले. आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नका शिकवलं आणि सत्तरीला आलेली मी चपला दारात थोड्या हलवून ठेवायचे, गेल्यासारखं वाटावं म्हणून. इतकी लाज वाटायची.

पाय उचलत नव्हते असं नाही हो. दार उघडलं की कुठे जायचं हेच कळायचं नाही. इतकी वर्षं मी कधी नुसतं चालायला म्हणून बाहेर पडलेच नव्हते. शाळेत जायचं म्हणून चालले, भाजीला चालले, ह्यांच्याबरोबर चालले. कारण नसताना रस्त्यावरून इकडून तिकडे जायचं आणि परत यायचं, कशाला? लोक बघतात, विचारतात एकट्याच का.

मला कुणी उठवलं सांगू? आमच्या समोरच्या बिल्डिंगमधली एक बाई, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, भजनी मंडळातली. तिने मला सल्ला दिला नाही. ती संध्याकाळी पाचला आली आणि दारात उभी राहिली, म्हणाली चला, मला मारुतीला जायचंय, सोबत हवी. बसायलाच तयार नाही, दारातच उभी. तिला ताटकळत ठेवणं बरं दिसेना म्हणून मी साडी नीट केली आणि निघाले. दुसऱ्या दिवशी परत पाचला हजर. बहुतेक आठवडाभर आम्ही काही बोललोसुद्धा नाही. नवव्या-दहाव्या दिवशी पावणेपाचला मी आपणहून केस विंचरले, हे मला स्पष्ट आठवतंय.

म्हणून मुलांनो, "चाला" म्हणू नका, "चला" म्हणा.

पुढच्या दोन वर्षांत मी तिच्याबरोबर माउलींच्या पालखीत पुणे ते सासवड हा टप्पा चालले, तीसेक किलोमीटर, दिवे घाट चढून. घाटात दम लागला की मागून कुणीतरी "माउली" म्हणून हात धरायचं, त्या माणसाचं नाव-गाव काही माहीत नाही. आमच्या सोबत ऐंशीच्या बायका होत्या डोक्यावर तुळस घेऊन. त्यांना कुणी आठवड्याला १५० मिनिटं चाला असं सांगितलं नव्हतं.

पाऊसवेडी

आजी, तुमची पोस्ट मी ऑफिसात वाचली आणि वॉशरूममध्ये जाऊन रडले. चपला हलवून ठेवायचे, हे वाचून... आम्ही पण बाबांना रोज फोनवर पहिला प्रश्न तोच विचारतो.

शनिवारी गेले होते. टेस्ट दिल्यात, रिपोर्ट मंगळवारी. खुर्चीचं केलं, आम्ही दोघं आणि भाचा. बाबांचे ६ झाले. सातव्याला मांडीवर हात ठेवावा लागला. त्यांनाच धक्का बसला, म्हणाले अरे मी गाडीखालून दिवसाला पन्नासदा उठत होतो.

आणि वहिनीने एक गोष्ट सांगितली जी मला माहीतच नव्हती. दिवाळीत ते बाथरूममध्ये घसरले होते. लागलं नाही पण तेव्हापासून ते ओल्या जागी भिंतीला धरून चालतात आणि रस्त्यावर तर नकोच म्हणतात. भीती आहे ही, आळस नाही. आम्ही त्यांना आळशी म्हणत होतो.

अजून एक मनात आलं ते सांगते. आई असताना संध्याकाळी दोघं दूध-भाजी आणायला जायचे, आई बोलत पुढे, बाबा पिशवी धरून मागे. आई गेल्यावर त्यांना त्रास नको म्हणून आम्हीच सगळं ॲपवर लावून दिलं. दूध दारात, भाजी दारात, औषधं दारात. लाइट बिल भाऊ ऑनलाइन भरतो. त्यांना घराबाहेर पडायला आम्ही एकही कारण शिल्लक ठेवलेलं नाही.

बे_एरियातला_पुणेकर

ताई हे वाचून चर्र झालं. आम्ही आई-बाबांना सहा महिन्यांसाठी इकडे अमेरिकेत आणलं तेव्हा हेच झालं. बाबा पुण्यात रोज पर्वती चढायचे, १०३ पायऱ्या, वर बाकावर त्यांचा ग्रुप. इकडे फुटपाथ आरशासारखे, बागा सुंदर, पण कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे, म्हणायचे रस्त्यावर माणूसच नाही, कुणाशी "काय म्हणता" करायचं. दोन महिन्यांत आई पण चिडचिडी झाली. शेवटी लायब्ररीत आणखी एका देशी जोडप्याशी ओळख झाली, गुजराती होते, भाषा अर्धी कळायची अर्धी नाही, पण चौघं रोज दहाला निघायचे. व्यायाम तोच, रस्ता तोच, फक्त माणसं आली. इथल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठांच्या ग्रुपचा फोन नंबर मी आधीच द्यायला हवा होता, मला ते सुचायला दोन महिने लागले याचं अजून वाईट वाटतं.

मुक्काम_वर्धा

आमची आई ऐंशीची. वर्ध्याजवळच्या गावात अख्खं आयुष्य, सकाळी अंगण झाडणं सडा टाकणं, विहिरीचं पाणी, वावरात चक्कर. बाबा गेल्यावर आम्ही नागपूरला चौथ्या मजल्यावर आणली, सगळ्या सुखसोयी. वर्षात पाय बारीक झाले आणि बोलणं बंद. डॉक्टर म्हणाले स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते, पण आधी डिप्रेशनचा इलाज करून बघू कारण म्हातारपणी डिप्रेशनमध्येसुद्धा माणूस विसराळू दिसतो. ते खरं निघालं. गोळीबद्दल वर लिहिलंय. पण नंतर तिला चालवली ती कुंड्यांनी. सोसायटीच्या गच्चीवर १४ कुंड्या ठेवायची परवानगी काढली, नळ मुद्दाम दुसऱ्या टोकाला आहे, दर कुंडीला लोटाभर पाणी, म्हणजे चौदा चकरा. तिला आम्ही व्यायाम हा शब्द आजवर सांगितलेला नाही. मिरच्या, पालक, आंबाडी लावली, आणि आंबाडीची भाजी शेजारी वाटते, त्या निमित्ताने तीन दारं वाजवते.

फिजिओताई

पाऊसवेडी, ६ हा आकडा कमी आहे पण मला त्याची काळजी नाही, पाय कुठल्याही वयात परत कमावता येतात, नव्वदीतल्या माणसाचे स्नायूसुद्धा व्यायामाला साथ देतात. बाथरूमचं सांगितलंत ते फार महत्त्वाचं. पडायची भीती बसली की माणूस कमी हलतो, कमी हलला की पाय आणि तोल जातो, मग खरंच पडतो. आधी बाथरूममध्ये भिंतीत स्क्रूने बसवलेला दांडा आणि खाली पकड असलेली मॅट, रात्रीसाठी पॅसेजमध्ये छोटा दिवा. टॉवेल लावायचा रॉड धरायला वापरू देऊ नका, तो निखळतो.

मग हे, रोज, ओट्याला धरून: टाचा उचलून चवड्यावर उभं राहणं १०, मग चवडे उचलून टाचांवर १०, एक पाय बाजूला नेऊन परत १०, आणि एका पायावर उभं राहणं, आधी दोन्ही हात ओट्यावर, मग एक, मग दोन बोटं. जवळ कुणीतरी उभं हवं. खुर्चीतून उठ-बस ५ ने सुरुवात, दिवसातून दोनदा, हात लावून चालेल. न्यूझीलंडमध्ये ओटागो नावाचा असाच घरगुती व्यायामाचा कार्यक्रम नव्वदच्या दशकात तयार झाला, त्याने वृद्धांचं पडणं साधारण एक तृतीयांशाने कमी झालं. बीपीची गोळी आहे तर झोपेतून उठल्यावर मिनिटभर कडेला बसून मग उभं राहायचं.

चालताना वेग मोजू नका, बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येणार नाही इतपत दम, बस. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, चक्कर, तर तिथेच थांबायचं आणि लगेच हॉस्पिटल. स्लीपर घालून नाही, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा ते खोक्यातले बूट. आणि पहाटे अंधारात नाही, खड्डे आणि कुत्री दोन्ही दिसत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, तीन दिवस तोलाचे. ते सहा महिन्यांनंतरचं. शून्यावरून दहा मिनिटांवर येणं हीच सगळ्यात मोठी उडी असते.

ओसरीवरची_उशा

हास्यक्लबचं कुणी लिहिलं नाही. १९९५ मध्ये मुंबईत डॉ. मदन कटारियांनी बागेत पाच जण घेऊन सुरू केलेला, आता जगभर आहे. माझ्या सासऱ्यांना फार मानवला. पण सगळ्यांना मानवतोच असं नाही, नुकतंच दुःख झालेल्या माणसाला खोटं हसायला लावणं जड जातं, जबरदस्ती नको. जवळचा ज्येष्ठ नागरिक संघ मात्र नक्की बघा, बहुतेक भागात असतो, कॅरम, वाचन, सहली असतं.

गुडघ्यांचं पण एक सांगते. माझ्या सासूबाई गुडघे झिजलेत म्हणून चार वर्षं बसून होत्या, "चालले तर अजून झिजतील". फिजिओने मांडीचे व्यायाम दिले, उशी गुडघ्याखाली ठेवून दाबायची पाच सेकंद, आणि आता सपाट रस्त्यावर वीस मिनिटं चालतात. मांडीत ताकद आली की गुडघ्यावरचा भार कमी होतो.

पाऊसवेडी (मार्च अखेर)

अपडेट देतेय. बी१२ खूप कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली. मानसोपचारतज्ज्ञांकडे बाबा "मी वेडा नाही" म्हणून दोन वेळा गाडीतून उतरलेच नाहीत, तिसऱ्या वेळी भाऊ म्हणाला झोपेसाठी दाखवू, तेव्हा गेले. झोपेचा त्रास खराच होता म्हणून खोटं वाटलं नाही. डॉक्टर चांगले भेटले, अर्धा तास फक्त वर्कशॉपबद्दल विचारत होते. लहान डोसची गोळी दिली.

आणि आजींचं "चला" मी घेतलं. भावाच्या खालच्या मजल्यावर एक काका आहेत, ८० चे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्या डोळ्याने कमी दिसतं. मी त्यांना जाऊन सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले बरं झालं, मलाच रस्ता ओलांडायची भीती वाटते, सून सोडत नाही एकट्याला. साडेपाचला बेल वाजवली आणि बाबांना म्हणाले, "जरा दूध आणायला येता का, मला गाड्या दिसत नाहीत." वहिनी सांगते बाबा पाच मिनिटं तसेच बसून राहिले, मग उठले, खुंटीवरची आईची कापडी पिशवी घेतली. ती सहा महिने तिथेच लटकत होती, धुवायलासुद्धा कुणी काढली नव्हती. दुधाचं ॲप आम्ही त्याच दिवशी बंद केलं.

बूट अजून खोक्यातच आहेत. जुनी पट्ट्याची सँडल घालतात. मी काही बोलले नाही.

जुना_टेकडीकर

धागा पहिल्यापासून परत वाचला. गोळ्यांबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेतो. माझ्या टेकडीच्या ग्रुपमधले एक जण दोन वर्षांपूर्वी यायचे बंद झाले, आम्ही म्हटलं इच्छा नाही, सोडून दिलं. काल त्यांच्या घरी गेलो होतो. उद्या संध्याकाळी परत जाणार आहे, टेकडी नाही, नुसतं त्यांच्या सोसायटीच्या गेटपर्यंत.

वारीची_वाट

टेकडीकर, दारात उभे राहा. बसू नका.

फिजिओताई

पाऊसवेडी, गोळी आणि इंजेक्शन चालू असताना व्यायामही चालू ठेवा, त्यांचं एकमेकांशी भांडण नाही. मेंदूवरही चालण्याचा परिणाम दिसतो, २०११ मध्ये १२० जणांवरचा एक अभ्यास आला, ५५ ते ८० वयाचे, वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं चालणाऱ्यांच्या मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला दिसला, जो एरवी वयाबरोबर आक्रसत जातो. अभ्यास लहान होता पण माझ्या पेशंटना मी सांगते, त्यांना हुरूप येतो. मध्येच एखादा आठवडा पूर्ण वाईट जाईल, आईंचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, अशा वेळी बाहेर पडले नाहीत तर घाबरू नका.

पाऊसवेडी (जून)

फिजिओताई तुम्ही म्हणालात तसंच झालं, मे महिन्यात आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस होता, चार दिवस परत खुर्ची. खालचे काका रोज येऊन बेल वाजवून, दहा मिनिटं बाजूला बसून गेले, पाचव्या दिवशी दोघं निघाले.

काल खुर्चीचं केलं, १० झाले, अकरावा अर्धा. भाच्याला धरायला नको म्हणाले. झोप आता साडेचार-पाचपर्यंत लागते. आईबद्दल पहिल्यांदा बोलले, म्हणाले ती फार भरभर चालायची, मी कायम मागे. सोसायटीच्या बागेतला झोपाळा करकरत होता, त्याला तेल घातलं, बोल्ट बदलला, तर आता चार बिल्डिंगमधून लोक विचारायला येतात. काल संध्याकाळी मी फोन केला तर मला म्हणाले, "ठेव आता, साडेपाच झाले, ते खाली उभे असतील." त्यांनी माझा फोन ठेवला, आणि मी कितीतरी वेळ फोन हातात धरून तशीच बसले होते.

आता प्रश्न असा की पाऊस सुरू झालाय. आमच्या रस्त्यावर पाणी साचतं, खाली काय आहे दिसत नाही, आणि काकांना तर मुळीच दिसत नाही. चार महिने दोघांनी कुठे चालायचं? सवय तुटायला नको म्हणून विचारतेय.

सातारी_कंदी

पार्किंगमध्ये. मामा तेच करतात, गाड्या ऑफिसला गेल्या की सकाळी साडेदहाला. ओल्या टाइल्सवर नको, खरबरीत काँक्रीट असेल तिथेच, आणि एका गाडीच्या लाइनीपासून दुसऱ्यापर्यंत किती पावलं होतात ते एकदा मोजून ठेवा म्हणजे चकरा धरता येतात.

फिजिओताई

पार्किंग उत्तम. पण वेळ सकाळची केलीत तरी साडेपाचची बेल बंद करू नका. त्या वेळी पॅसेजमध्ये, नाहीतर जिन्याचा कठडा धरून एक मजला वर आणि सावकाश खाली, उतरताना जास्त काळजी. आणि दूध पावसात कोण आणणार ते बाबांनाच ठरवू दे.

पाऊसवेडी

पार्किंगचं आत्ताच बाबांना फोनवर विचारलं. म्हणाले तिथे दोन ट्यूबलाइट गेल्यात, आधी त्या बदलायला हव्यात, स्टूल कुणाकडे आहे बघतो. मी म्हटलं बाबा स्टुलावर तुम्ही चढायचं नाही, भाच्याला चढवा, तुम्ही खालून सांगा. बरं म्हणाले.